रॉयसमामाचा तिसरा उशीर

आमच्या कॉलेजच्या दिव्यांग कक्षात हसऱ्या माणसांची मोठमोठी चित्रं लावली आहेत. माणूस आजारी असावा, पण भिंतीवर शोभावा, एवढीच त्या कक्षाची अपेक्षा असते. रॉयसमामा भिंतीवर शोभणारा नव्हता.

माझा हा मामा एकोणीस वर्षं कोळशाच्या खाणीत छताला बोल्ट मारत होता. पाठ गेली तेव्हा डॉक्टरने अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. पुढे डॉक्टर तुरुंगात गेला आणि गोळ्यांचं व्यसन मामाकडेच राहिलं. ते सुटून चौदा महिने झाले होते. रविवार सोडून रोज सकाळी साडेसहाला डोंगरापलीकडच्या व्यसनमुक्तीच्या दवाखान्याची खिडकी उघडते. मामा तिथे रांगेत उभा राहून नर्ससमोर मेथाडोनचा, म्हणजे गोळ्यांची तलफ दाबणाऱ्या औषधाचा, घोट घ्यायचा आणि चाळीस मैल वळणं घेत आठच्या वायरिंगच्या वर्गाला पोचायचा. कोळशाचा ट्रक पुढे लागला की संपलं. तीन उशीर झाले की नाव कटतं, आणि त्याचे दोन झाले होते. त्याला हवी होती फक्त वीस मिनिटांची सवलत.

मी मामासोबत गेले होते. कक्षातल्या प्रुइटबाईंनी अर्ज वाचला.

"तुम्ही बरे झाला आहात ना, मिस्टर टॅकेट?"

"हो."

"मग सवलत कशासाठी?"

"बरा राहण्यासाठी."

बाईंनी समजावलं की बरा झालेला माणूस दिव्यांग ठरत नाही, आणि अजून नशा करणारा नियमात बसत नाही.

"म्हणजे मी यायचं तरी कधी होतं, बाई?" मामा म्हणाला. "मेल्यावर?"

मग बाईंनी मामाने आणलेलं दवाखान्यातल्या समुपदेशक बाईचं पत्र घेतलं आणि खरं आहे का ते बघायला आमच्यासमोरच दवाखान्यात फोन लावला. तिथून नेहमीचं उत्तर आलं, या नावाचा माणूस आमच्याकडे येतो की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. व्यसनाच्या दवाखान्यात रुग्णाच्या सहीशिवाय त्याचं नावही उच्चारत नाहीत, हे आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नवऱ्याची चौकशी करणाऱ्या कित्येक बायकांनी आणि एका शेरीफनेही हेच उत्तर ऐकलंय. प्रुइटबाई मात्र बारा वर्षं त्या खुर्चीत बसून तेवढं शिकल्या नव्हत्या. त्यांनी पत्रावर सुबक अक्षरात लिहिलं, 'पडताळणी होऊ शकली नाही.'

आता मामाने दवाखान्यात जाऊन समुपदेशक बाईसमोर परवानगीच्या कागदावर सही करायची होती. ती बाई साडेसातला येते, शनिवारी येत नाही, आणि दुपारी वर्ग सुटेपर्यंत दवाखाना बंद होतो. पूर्ण दिवस बुडवला तर तो दोन उशिरांएवढा धरतात. मी सगळं सर्किटसारखं कागदावर मांडून पाहिलं. कुठूनही नेलं तरी फ्यूज उडत होता. सही केली नाही, तरी पहिल्या बर्फाला तिसरा उशीर होणारच होता.

"बर्फाच्या दिवशी घोट चुकवलास तर?" मी म्हणाले. मी किती मूर्ख होते ते तेव्हा कळलं नाही.

"चुकवला तर संध्याकाळी मी गोळ्यांसाठी कुणाला फोन करीन, तो नंबर मला अजून पाठ आहे, पोरी," तो म्हणाला.

मंगळवारी तो समुपदेशक बाईसाठी थांबला, सही केली आणि आठ पंचवीसला वर्गात पोचला. मास्तरांना वाईट वाटलं म्हणे. हजेरीतली फुली मात्र त्यांनी नीट मारली.

शुक्रवारी मंजुरीचं पत्र आलं. वीस मिनिटांची सवलत होती, पण आजपासून लागू. मंगळवारचा उशीर आणि कटलेलं नाव तसंच राहिलं. नवा वर्ग जानेवारीत होता, आणि खाली बारीक अक्षरात मुदत लिहिलेली होती, सहा महिने. म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षेच्या आठ दिवस आधी, मामा पुन्हा बिनकागदाचा.

मी तोंडाला येईल ते बोलले. रविवारचा डोस घरी आणायला मामाला कुलपाची लोखंडी पेटी दिली आहे. त्याने पत्राची घडी घालून त्या पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं.

"ती समुपदेशक बाई एप्रिलमध्ये नवं पत्र द्यायला असते की रजेवर, तेवढं विचारून ठेव," तो म्हणाला. "आणि जानेवारीच्या वर्गात माझं नाव घाल."