तुम्हाला फिकं उठून दिसेल

साडीची घडी नव्यानं घातली तरी जुनी रेघ राहतेच. राहुरीच्या बाजारपेठेतल्या एकाच दुकानात चाळीस वर्षं साड्या दाखवल्या, तिथल्या गोष्टींचंही तसंच झालंय. एक उलगडली की खालची दिसते. माझी मुलगी सुमन लग्नाच्या बस्त्यानंतर वीस वर्षं या दुकानाची पायरी चढली नाही. ती एकदा यावी, एवढंच मला हवं होतं.

*

साडी कशी दिसते ते दाखवायला आम्ही पुरुष ती स्वतःच्याच अंगावर लावतो. निऱ्या पोटाशी, पदर खांद्यावर. पहिल्या दिवशी मी फार लाजलो. समोरची म्हातारी म्हणाली, "लाजतो काय, मर्दा? पदर डोक्यावर घे. आमच्या सुनंला तसाच घ्यायचाय."

*

तेव्हा दारात भरल्या अंगाची, हात जोडलेली पुतळी होती. बाया म्हणायच्या, सून असावी तर अशी.

पुढे मुंबईहून बारीक कमरेची आली. तिच्या अंगावर काहीच बसेना, म्हणून मी पाठीमागून दहा टाचण्या लावायचो. एक बाई दर आठवडी बाजाराला तिच्यासमोर उभी राहून पोट आत ओढायची. एकदा म्हणाली, "भाऊ, ही काय खाती हो?"

मी तिला मागं नेऊन टाचण्या दाखवल्या. तिनं एकेक टाचणी बोटानं मोजली.

"म्हंजे हिलाबी बसत न्हाई व्हय."

*

आता डोकं नसलेल्या पुतळ्या आल्यात. मी मालकांना विचारलं, "शेठ, हिचं डोकं कुठंय?"

"तशीच फॅशन आहे, आप्पा."

सुनेला घेऊन आलेली एक सासू ऐकत होती. म्हणाली, "चांगलंय की. उलटून बोलायची न्हाई."

सून साडीच्या काठाकडे बघत राहिली.

*

माझं एक वाक्य ठरलेलं होतं. सावळी मुलगी लाल साडीकडे बघायला लागली की मी हळूच म्हणायचो, "ताई, तुम्हाला फिकं उठून दिसेल." भिंतीवरच्या कॅलेंडरांत लाल साडीतल्या बाया सगळ्या गोऱ्या. कुणी वाद घालत नसे.

सुमन सावळी. तिच्या बस्त्याला सगळे पाहुणे गादीवर बसलेले. तिनं लाल शालूवर हात ठेवला आणि सवयीनं माझ्या तोंडून तेच वाक्य गेलं. तिनं हात काढून घेतला. फिक्या गुलाबी साडीत लग्न लागलं.

*

गेल्या महिन्यात मालकांनी दारावर मोठा बोर्ड लावला. लाल साडीत सावळी पोरगी. "आता हाच रंग चालतोय, आप्पा. गिऱ्हाइकांना सांगत जा."

मी आधी सुमनला फोन केला. ती आली. बोर्डासमोर जरा थांबली, मग पायरी चढून गादीवर बसली. मी लाल साडी काढली, निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर टाकला आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"छान दिसती, आप्पा. आन् तुमी तर माझ्यापेक्षा काळे."

मी पदर धरून उभाच.

"घडी घाला ती," ती म्हणाली. "तेव्हा तुमी सांगितलं, आता बोर्ड सांगतोय. मला फिकी गुलाबी दाखवा."