दावणीवरचा घाव

बेल्ह्याच्या बैलबाजाराचं नाव निघालं, की ती सकाळ अजूनही जशीच्या तशी माझ्यापुढे उभी राहते. मी तेव्हा त्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. नवी न्याय संहिता नुकतीच लागू झाली होती आणि जुनी कलमं विसरून नवी पाठ करण्यात ठाण्यातले आम्ही सगळेच गुंतलो होतो. बाजाराच्या दिवशी आमचा बंदोबस्त ठरलेला असे. सहसा पाकीटमारीच्या पलीकडे काही घडत नसे.

त्या दिवशी मात्र बाजारातल्या अंमलदाराचा फोन आला. "सर, लवकर या. जुन्नरच्या एका व्यापाऱ्याला लोकांनी धरलंय. घाटातला, शर्यतीचा बैल त्यानंच मोडला म्हणतायत. माणसं वाढत चाललीत."

आम्ही पोहोचलो तेव्हा तो व्यापारी टेम्पोच्या चाकाला टेकून बसला होता. साठीचा मुसलमान गृहस्थ. घरात पिढ्यान्‌पिढ्या बैलांचा धंदा. डोकं फुटून रक्त दाढीत उतरलं होतं. भोवती दाट कडं, कुणाच्या हातात चाबूक, कुणाच्या हातात काठी. जमावात ओरडणारे थोडे असतात, नुसते उभे असलेले जास्त. त्या उभ्या असलेल्यांतला ओळखीचा माणूस शोधायचा आणि त्याला नावानं हाक मारायची, हे मी नोकरीत शिकलो होतो. नावानं हाक मारली की माणूस जमावातून वेगळा होतो. मी तिघाचौघांना हाका मारल्या, गाडीला वाट करून द्यायला सांगितलं. वाट झाली. व्यापाऱ्याला आत घेतलं आणि थेट दवाखान्यात नेलं.

तिथून मी बैलाच्या गावी गेलो. बैल आमच्या हद्दीत नावाजलेला होता. यात्रेत तो घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, उतरला की लोक मांडवावर चढून बघत. आता तो गोठ्यात पडून होता. मागच्या पायाची टाचेवरची जाड शीर धारदार हत्यारानं कापलेली. खालची माती काळी पडली होती.

घरात दोन भाऊ. बैल धाकट्याच्या नावावर, फिर्यादही त्याचीच. गाडामालक म्हणून फ्लेक्सवर त्याचाच फोटो असे. तो सांगत होता, "साहेब, काल संध्याकाळी तो व्यापारी बैल बघाया आलता. म्या नाय इकत म्हणलं. सकाळी बगतो तर ह्यो असा. दुसरं कोण करंल?"

पंचनामा सुरू झाला. पशुवैद्यकीय अधिकारी इंजेक्शन घेऊन पुढे झाले, तसा बैलानं पडल्या पडल्या शिंग असं फिरवलं की डॉक्टर भिंतीवर जाऊन आदळले. मी पुढे झालो, तर माझ्यावरही फुरफुरला. फिर्यादी स्वतः कासऱ्याला हात घालायला धजत नव्हता.

"थोरल्याला बोलवा," कुणीतरी म्हणालं.

थोरला भाऊ आला. पन्नाशीचा, किडकिडीत, लग्न न झालेला. निरगुडसरच्या सोयऱ्यांकडून हे वासरू आणलं तेव्हापासून त्याचं सगळं यानंच केलेलं. तो बैलाच्या मानेशी बसला. बैलानं मान त्याच्या मांडीवर टाकली आणि डोळे मिटले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, टाके घातले, बैल हलला नाही.

मी थोरल्याकडे बघत होतो. घाव मागच्या पायाला होता. या बैलाच्या मागे कोयता घेऊन बसणं परक्या माणसाला शक्यच नव्हतं.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि वेळ माझ्या हातात नव्हता. दुपारी ठाण्यावर परतलो तर फाटकाशी दीडदोनशे माणसं. मोबाइलवर भलतेसलते मजकूर फिरत होते. ओतूरकडूनही माणसं निघाल्याची खबर होती. पुढारी म्हणाले, "अंधार पडायच्या आत अटक दाखवा साहेब. पोरं आमचंबी ऐकायची न्हाईत." जुन्नर ठाण्याला आधीच निरोप धाडून व्यापाऱ्याच्या मोहल्ल्यात मी बंदोबस्त मागितला होता.

व्यापारी डोक्याला पट्टी बांधून माझ्या खोलीत बसला होता. मी दार लावलं. "काल संध्याकाळी काय बोलणं झालं? खरं सांगा."

"मी शबद दिलाय साहेब."

"बाहेर बघा चाचा. शब्द पाळता पाळता जीव जाईल. तुमचा, नाहीतर आणखी कुणाचा."

त्यानं डोक्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "बैल इकला व्हता त्यानं. साताऱ्याकडचं गिऱ्हाईक मीच आणलं व्हतं. आज सकाळी टेम्पो लावायचा ठरला व्हता. धाकला म्हणला, थोरल्याला कळू देऊ नका, त्यो जीव देईल. आता मला सांगा, जो बैल आज मीच नेणार, त्यो मी कशाला मोडू?"

मी थोरल्याला बोलावून घेतलं. चौकशीच्या खोलीत त्याला पाणी दिलं. आवाज चढवला नाही. "व्यवहार ठरल्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"कसला व्यवहार?"

मी दार उघडलं. समोरच्या बाकावर व्यापारी बसला होता. पट्टीतून रक्त पुन्हा पाझरू लागलं होतं. फाटकावरचा गलका आतपर्यंत येत होता.

"हे लोक याला मारायला आलेत. बैल यानं मोडला म्हणून. तुम्ही म्हणत असाल तर मी लिहून घेतो, यानंच मोडला."

थोरल्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "भावजयीच्या तोंडून ऐकलं म्या. लंगडा झाला तर कोण नेणार त्याला, आसं वाटलं. दावणीला राहील, म्या संभाळीन. जरासंच कापायचं व्हतं. त्यानं पाय सुदिक उचलला न्हाय, साहेब. माझ्याकडं नुसतं बगितलं."

त्यानं दाखवल्या जागेवरून, वैरणीच्या गंजीतून, पंचांसमक्ष कोयता जप्त केला. मी पायरीवर उभा राहून जमावाला नाव सांगितलं. कुणी ओरडलं नाही. माणसं एकेक करून चपला फरफटत निघून गेली. व्यापाऱ्याची माफी मागायला मात्र एकही आत आला नाही. त्याला मारणाऱ्यांवर मी वेगळा गुन्हा नोंदवला. "मला ह्याच बाजारात परत यायचंय साहेब," तो म्हणत होता, तरीही नोंदवला.

शीर जुळली नाही. बैल उठलाच नाही. कुशीला जखमा पडल्या, त्यांत किडे झाले. जामिनावर सुटलेला थोरला त्याच्याजवळ बसून माश्या वारीत असे. दिवाळीच्या आधी बैल गेला.

आता कायद्याचं. जनावर मारणं किंवा निकामी करणं, यासाठी नव्या संहितेत पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी तेच कलम लावलं होतं. पण हे कलम जनावराला मालमत्ता धरतं. नुकसान मालकाचं, म्हणून न्यायालयाच्या परवानगीनं मालक तडजोड करू शकतो. धाकट्यानं ती केली. भावाला तुरुंगात कोण धाडील? उरलं प्राणी क्रूरतेचं कलम. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड पन्नास रुपये. हा कायदा झाला तेव्हा पन्नास रुपयांना काही किंमत असेल.

दंड भरून थोरला न्यायालयाच्या आवारात माझ्याजवळ आला.

"साहेब, झालं?"

"झालं. जा घरी."

"येवढंच व्हय?" त्यानं विचारलं. सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. तो अजून काहीतरी होईल, कुणीतरी काहीतरी बोलेल, म्हणून उभाच होता.

शिक्षा वाढवण्याची चर्चा मी अनेकदा ऐकतो. वाढवावी, असंच माझं मत आहे. जबर शिक्षेच्या भीतीनं थोरल्याचा हात थांबला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रागानं, किंवा त्याच्यासारखं मायेनं आंधळं झालेल्या माणसाला कलम आठवत नाही. पण शिक्षा फक्त भीतीसाठी नसते. काय घडलं, ते केवढं मोठं होतं, हे सगळ्यांसमक्ष सांगण्याचीही ती एक रीत असते. त्या दिवशी कायद्यानं ते पन्नास रुपयांत सांगितलं, आणि गुन्हेगारालाही ते पटलं नाही.

क्षमा धाकट्यानं केली, मंजूर न्यायालयानं केली. पाय कापताना जो जागचा हलला नाही, त्याच्या वतीनं मात्र त्या आवारात कुणीच उभं नव्हतं.