कुंपणाबाहेरची टेकडी

गावात त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. कुंपणराव म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तोही मुकाट्याने ओ देतो.

वनखात्यात रक्षक म्हणून तो लागला तेव्हा डोंगर नुकताच राखीव झाला होता. वर चारदोन खुरटी झुडपं आणि बाकी दगडगोटे. त्याने ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. कुऱ्हाडी जप्त केल्या, गुरं हाकलली, शिव्या खाल्ल्या, एकदा डोकंही फोडून घेतलं. आज त्या डोंगरात शिरलं की भर दुपारी डोळ्यांना गारवा मिळतो. त्याची कंबर मात्र कामातून गेली.

डोंगर बंद झाला म्हणून गावातल्या चुली काही विझल्या नाहीत. सगळ्यांनी मोर्चा शेजारच्या टेकडीकडे वळवला. ती कुंपणाबाहेर होती, म्हणजे कोणाचीच नव्हती. आधी फांद्या गेल्या, मग खोडं, मग लोकांनी मुळंही खणून नेली. उरलंसुरलं बकऱ्यांनी साफ केलं. परवा साहेबांनी कार्यालयाच्या भिंतीवर आकाशातून काढलेला फोटो लावला. मधे हिरवागार चौकोन, भोवती तपकिरी पट्टा.

"तुमचं काम वरून दिसतं बरं का," चौकोनावर बोट ठेवत साहेब म्हणाले.

तो पट्ट्याकडे बघत होता. तिथे, टेकडीच्या अगदी पायथ्याला, त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. यंदाच्या पावसात टेकडीवरची माती तिच्या स्वयंपाकघरात शिरली, चूल गाडली गेली. मागची भिंत आता पोट पुढे काढून उभी आहे. अजून एक पाऊस ती काढेल असं कोणालाच वाटत नाही.

साहेबांनी टेकडीही कुंपणात घ्यायचं ठरवलं. चराई बंद करायची, रोपं लावायची. गावाला सांगायचं काम अर्थातच कुंपणरावाच्या गळ्यात पडलं. तो आधी बहिणीकडे गेला. ती अंगणात बसून बकरीच्या खुरातला काटा काढत होती.

"ये. आज कोणाची कुऱ्हाड न्यायला आलास?"

"ताई, टेकडी बंद करतायत."

"करतायत, की करतोयस?"

तो खाली बसला. बसताना कंबरेतून कळ आली.

"भिंत बघतेस ना? झाडं धरली तरच माती थांबेल. कुंपणाच्या आतल्या उतारावरून एवढा पाऊस झाला तरी ढेकूळ खाली आलं नाही."

"आणि या बकऱ्या खाणार काय? तुझी टोपी?"

"आतलं गवत कापून आणायला परवानगी मिळेल."

"या गुडघ्यांनी भारे वाहायचे? तू आणून देशील?"

"मला ड्यूटी असते."

"मग झालं तर." तिने काटा उपसला, बकरीच्या पाठीवर थाप मारून तिला सोडलं. "लहानपणीही तू असाच. आई तुला दुधाच्या राखणीला बसवायची आणि मला थेंब मिळायचा नाही."

त्याला हसू आलं, पण ती हसली नाही. भिंतीकडे बघून म्हणाली, "घाल बाबा कुंपण. घर राहिलं पाहिजे. पण बकऱ्या मी विकणार नाही, सांगून ठेवते."

पुढच्या आठवड्यात तो मजुरांबरोबर टेकडीवर खांब रोवत होता. खालून घंटा वाजल्या. पुढे बहीण, मागे तिच्या बकऱ्या, आणि त्यांच्या मागे गावातले आणखी दोन कळप.

"कुठे निघालीस?"

"पलीकडच्या टेकडीवर. तिथे तर तुझं राज्य नाही ना?"

नव्हतं. त्या टेकडीवर अजून बऱ्यापैकी झुडपं होती आणि तिच्याही पायथ्याला घरं होती. खालच्या वस्तीला कोणीतरी सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं. पण ती हद्द दुसऱ्या रक्षकाची.

"ऊन फार आहे, पाणी घेतलंस का?" त्याने विचारलं.

"घेतलंय," ती म्हणाली आणि पुढे गेली.

हातातला खांब तिरका बसला होता. त्याने तो उपटला आणि खड्डा पुन्हा खणायला घेतला.