त्या येळवशीची भज्जी

माझ्या साक्षीच्या आदल्या रविवारी शेजारच्या घरातून तिघं आली... सासू, धाकटा मुलगा आणि थोरली सून. हातात शेंगाचटणीचा डबा. केस झाल्यापासून त्या घरानं आमच्या दाराकडे पाहिलंही नव्हतं, म्हणून डबा घेतानाच मला शंका आली.

(जिची ही गोष्ट, तिला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असं बरंच बदललंय.)

त्या घरच्या धाकट्या सुनेनं थोरल्या दिरावर बलात्काराची केस केली आहे. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळे कुंभारी गावच्या शेतात जेवायला गेले होते. ती तापामुळे घरी थांबली आणि दीर मधूनच परत आला, असं तिचं म्हणणं. सगळ्यात आधी तिनं हे मला सांगितलं... पण दोन महिन्यांनी.

खरं सांगते, माझा तिच्यावर पूर्ण विश्वास नव्हता. दोन महिने गप्प का? त्याच दिराला रोज जेवायला वाढत का होती? दुपार की संध्याकाळ, हेही नीट सांगता येईना...

तिघांनी मात्र एकच सांगितलं. ती येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं अक्कलकोटला माहेरी गेली, चार दिवसांनी आली. तेच शब्द, त्याच क्रमानं. कन्नड मिसळल्याशिवाय एक वाक्य न बोलणाऱ्या सासूबाई त्या दिवशी शुद्ध मराठीत बोलत होत्या.

येळवशीला शेतात निघण्याआधी त्यांच्याकडून आम्हाला भज्जीचा, म्हणजे चिंच घातलेल्या मिश्र भाज्यांच्या कालवणाचा, डबा यायचा. चहा देताना मी म्हटलं, "त्या वर्षीची तुमची भज्जी जरा आंबट झाली होती हं."

सासूबाई उसळल्या. "माझी? अय्यो! जल्म गेला की माझा भज्जी करण्यात. ती त्या बयेनं केलती, पहाटं उठून. चिंच ओतली भसाभसा. मी म्हटलंबी, अंगात ताप हाय तर कशाला कडमडतीस!"

धाकट्या मुलानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, कप अर्धाच खाली ठेवला. म्हणाला, "आई, चल." थोरल्या सुनेनं, म्हणजे त्या दिराच्या बायकोनं, शेवटपर्यंत मान वर केली नाही.

सरकारी वकील मॅडमना हे सांगितलं. त्यांनी टिपून घेतलं, पण हरखल्या नाहीत. म्हणाल्या, "घरातल्या घरात घडलेल्याला साक्षीदार कुठून आणायचा? तिची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. वेळ मागंपुढं झाली म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही. आणि उशिराचं म्हणाल, तर त्या घरात ती सांगणार कुणाला होती?"

साक्ष देऊन बाहेर आले तर ती बाकावर बसली होती. तिची साक्ष आधीच झाली होती. भज्जीचं सांगितलं, तर तिनं आधी एवढंच विचारलं, "खरंच आंबट लागली व्हती, काकू?"

"नाही गं. छान झाली होती."

आंबट झाल्याचं मी मुद्दाम खोटं बोलले होते, हे कोर्टातही लपवलं नाही. खोटं बोलून काढून घेतलेलं खरं तिथं किती टिकेल, मला माहीत नाही...

निकाल यायचा आहे. कोर्टाला तिचा शब्द पुरावा, एवढीच इच्छा. एका भिंतीपलीकडे राहून मला तो पुरला नव्हता... मला विश्वास ठेवायला भज्जी लागली.