शिरूरच्या शाळेतली कोरी भिंत

मी लातूरला इमारतींचे नकाशे काढते. दुष्काळाच्या एका साली शिरूर अनंतपाळच्या झेडपी शाळेत मी एक खोली बांधून घेतली आणि त्या एवढ्याशा खोलीनं माझं डोकं पार उठवलं. शाळेत आठ वर्षांची एक स्वमग्न पोरगी होती. वर्गातला गलका, तापून कडकडणारे पत्रे, भिंतीवरची चित्रं, कशानंही ती कान दाबून किंचाळायची. मग आई तिला घेऊन घरी बसायची. ही खोली जमली तरच तिची शाळा टिकणार होती. म्हणून जाड भिंती, वर स्लॅब, उंचावर खिडकी आणि कोऱ्या फिकट भिंती. कोऱ्या म्हणजे कोऱ्या, हे हेडमास्तरांना बजावून सांगितलं होतं.

नंतर जाऊन बघते तर काय! चारी भिंती रंगवलेल्या. बाराखडी, पाढे, मोर, आणि महाराष्ट्राच्या नकाशात लातूर तोडून करायचा, पण अजून न झालेला आमचा नवा जिल्हासुद्धा, गुलाबी रंगात! आमच्याकडं शाळेची भिंत कोरी दिसली की लोकांना चैनच पडत नाही.

"सर, हे काय करून ठेवलंत?"

"लेकरू खूश व्हावं म्हनून, मॅडम. गावानं लई हौसेनं केलं."

"हौस गेली चुलीत! तिला हेच तर सोसत नाही. चुना मारा, आजच्या आज."

"चुना कालवायला पानी कुठलं? टँकरचा पत्ता न्हाई, बायका घागरीवरून भांडायल्यात."

कपाळावर हात मारून घेतला मी. पोरीची आई बाजूला उभी राहून ऐकत होती. ती घरी गेली आणि दोन हंडे घेऊन आली. "घरचं हाय. कालवा चुना. आमच्या आंघोळी ऱ्हाऊ द्या."

बाह्या सरसावून हेडमास्तरांनी स्वतःच ब्रश धरला. मला मात्र इतका संताप आला होता की रडू फुटायचं बाकी होतं.

चुना वाळल्यावर आईनं पोरीला आणलं. ती दारात थांबली, भिंतींकडं बघत राहिली. मग आईचा हात सोडून आत गेली आणि कोपऱ्यात बसली. हळूहळू कानांवरचे हात खाली आले. बराच वेळ झाला तरी ती ओरडली नाही.

आई बाहेर तशीच उभी. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, आजवर हिलाच घिऊन घरी बसले. आता म्या काय करू?"