म्हाताऱ्या ताऱ्याभोवतीची वाफ

मी आमच्या शांती नगरमधल्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे ओल दिसली की माझा कुणावरच विश्वास राहत नाही. छताला डाग पडला की खालचे म्हणतात, वरच्यांचं पाणी. वरचे म्हणतात, "हमारा बाथरूम तो एकदम सूखा है, भाभी." मी मे महिन्यापर्यंत थांबते. वरचे गावी गेल्यावर डाग वाळला, तरच त्यांची फरशी फोडायला सांगते.

गेल्या वर्षी मुलीची पीएचडीसाठी मुलाखत होती. अर्ज तिने एकाच ठिकाणी केला होता आणि जागाही एकच होती. आदल्या संध्याकाळी तिने मला समोर बसवून सराव केला. मी मेथी निवडत ऐकत होते.

विषय एका म्हाताऱ्या, फुगलेल्या ताऱ्याचा. त्याच्याभोवती कार्बन इतका, की बहुतेक सगळा ऑक्सिजन त्यालाच चिकटून बसतो. पाणी बनायला काही उरू नये. तरीही दुर्बिणीला तिथे पाण्याचे रेणू सापडले. म्हणजे लांबवर फिरणारे बर्फाळ धूमकेतू ताऱ्याने तापवले, त्यांची ही वाफ, असं तिचं म्हणणं.

"म्हणजे वरच्यांचं पाणी," मी म्हटलं. "धूमकेतू पाहिलेत कुणी?"

"इतक्या लांबचे दिसत नाहीत, आई. म्हणून तर पाणी हा पुरावा."

"वरचे गावी गेल्यावर बघितलं?"

"धूमकेतूंना गाव नसतं!"

"मग तपासायची दुसरी काही तरी रीत असेल."

"आहे ना," ती वैतागली. "धूमकेतू लांब, म्हणून वाफ थंड हवी."

"आणि आहे थंड?"

तिने लॅपटॉपवरची स्लाइड मागे घेतली. "थंड आहे. पण ताऱ्याच्या अगदी जवळ गरमही सापडलीये."

"हे मघाशी बोलली नाहीस."

"ते सांगितलं तर धूमकेतूंवर कोण विश्वास ठेवणार? मग मला कशाला घेतील?"

"त्यांना ते ठाऊक नसेल, असं वाटतं तुला?"

ती उठून आत गेली. जेवताना तिने सांगितलं की गरम वाफेची स्लाइड घातलीये. तेही ताटाकडे बघूनच.

मुलाखतीत त्यांनी तिला त्याच स्लाइडवरून धारेवर धरलं. निवड झाली. काम मात्र मिळालं ते गरम वाफ ताऱ्याजवळ कशी बनते, हे शोधायचं. तिला धूमकेतू हवे होते. आठवडाभर ती माझ्याशी नीट बोलली नाही.