ग्वायाकिलच्या फरशीवर काका

अमेरिकेत येऊन मान वर करून काहीही न पाहिलेला माणूस मला एकच ठाऊक आहे, माझ्या मित्राचे वडील. आम्ही त्यांना काका म्हणायचो. साताऱ्याकडच्या एका नगरपालिकेत त्यांनी पस्तीस वर्षं ड्रेनेजचे ओव्हरसिअर म्हणून काढली होती, त्यामुळे निवृत्त होऊन मुलाकडे वॉशिंग्टनजवळ हर्नडनला आले तरी नजर कायम जमिनीवर. वॉशिंग्टनला नेलं, तर सगळं जग त्या पांढऱ्या घुमटाचे फोटो काढतंय आणि काका रस्त्याकडेच्या जाळीपाशी उकिडवे बसून आत डोकावताहेत. नायगारा कसा वाटला विचारलं, तर म्हणाले, "पाण्याला उतार चांगला मिळालाय." खिशात काचेची एक हिरवी गोटी असायची. कुठल्याही नव्या घरात पाऊल टाकलं की ती जमिनीवर सोडायची आणि कुठं जाते ते बघायचं. एका ओळखीच्यांच्या वास्तुशांतीला ती थेट देव्हाऱ्याखाली गेली. "पाणी तुंबलं तर पहिले देव भिजणार," असं काकांनी प्रसादाचा शिरा खाता खाता जाहीर करून टाकलं. कौतुकासाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'चालेल'. तो शिराही 'चालेल' असाच होता.

मुलानं ऑफिसमधल्या लुसियाशी लग्न ठरवलं, तेव्हा मात्र काका 'चालेल' म्हणाले नाहीत. ती इक्वाडोरची, हा आक्षेप नव्हता. "मला सांगितलं, विचारलं नाही," एवढंच. काकू, म्हणजे मित्राची आई, गेल्यापासून बापलेकांचं बोलणं तसंही बेताचंच होतं, ते त्या दिवशी पूर्ण थांबलं. गाडीत तिघं असलो की काका मागून मला म्हणायचे, "त्याला सांग, एक्झिट गेली." आणि तो स्टिअरिंग धरून म्हणायचा, "यार, त्यांना सांग, पुढून यू-टर्न घेतोय." लुसियाच्या वडिलांनी आग्रहानं ग्वायाकिलला बोलावलं, तेव्हा मधला निरोप्या म्हणून माझंही तिकीट काढलं गेलं.

ग्वायाकिल हे इक्वाडोरमधलं नदीकाठचं दमट, गजबजलेलं शहर. पोचलो त्याच संध्याकाळी व्याही आम्हाला मालेकॉनवर, म्हणजे नदीलगतच्या लांबलचक फिरायच्या जागेवर घेऊन गेले. बुटके, रुंद खांद्यांचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. एकेकाळी इथं यायला लोक घाबरायचे, असं ते सांगत होते आणि लुसिया ते आम्हाला इंग्लिशमध्ये. आता झाडं, कारंजी, बाकांवर निवांत टेकलेली म्हातारी माणसं, आणि पलीकडे तपकिरी, रुंद नदीवरून जलपर्णीची बेटं संथ चाललेली. एका ठिकाणी व्याही थांबले, बुटाची टाच जमिनीवर आपटली आणि छाती काढून म्हणाले, "ही फरशी मी आणि माझ्या माणसांनी बसवली."

काकांचा हात खिशात गेला. मला घाम फुटला. "यार, थांबव त्यांना, प्लीज," मित्र कुजबुजला. थांबवणार कोण? काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी गोटी सोडली. व्याह्यांचं हसू मावळलं. चाललंय काय, हे कामातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गोटी क्षणभर घुटमळली, मग रमतगमत निघाली. एकाही सांध्याला न अडखळता कडेच्या जाळीपर्यंत गेली आणि टुपकन आत पडली. गेलीच!

काकांनी मान फिरवली आणि थेट मुलाला म्हणाले, "अरे बघतोस काय? विचार त्यांना, खाली भर कसली घातलीय!" मित्र इतका गडबडला, की सवयीनं त्यानं माझ्याकडेच पाहिलं. मग विचारलं. पुढचा अर्धा तास ते दोघे फरशीवर फतकल मारून बसले होते. काका मराठीत, व्याही स्पॅनिशमध्ये, आणि हातवारे असे की कुणाचंच काही अडत नव्हतं. उठताना काकांनी व्याह्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "उत्तम," ते म्हणाले. "उत्तम काम." हा शब्द त्यांच्या तोंडून मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो.

नंतर कठड्यापाशी उभे असताना व्याह्यांनी लुसियाकरवी विचारलं, "तुमचं काम आम्हाला कधी दाखवणार?"

"माझं काम दिसत नाही गं," काका लुसियाला म्हणाले. "सगळं जमिनीखाली. दिसायला लागलं, की लोक भांडायला घरी यायचे."

मित्रानं ते तिला समजावलं, तिनं वडिलांना. मला वाटलं, व्याही हसतील. ते हसले नाहीत. गंभीरपणे काहीतरी म्हणाले आणि लुसियानं आपल्या शिकाऊ मराठीत काकांना सांगितलं, "बाबा म्हणतात, मग आम्ही तुमच्या गावाला येतो. वरून चालतो."

इतक्या वर्षांत तुमचं काम दाखवा, असं काकांना कुणी म्हटलं नव्हतं. मुलानंही नाही. तो खाली मान घालून उभा होता. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"या," ते म्हणाले. "पण पावसाळ्यात या. चांगला धो धो कोसळत असताना या. आमच्या पेठेत कुठं पाणी साचलेलं दिसलं, तर मला सांगा."